आधी वार बघा, मग गाडी काढा

नागपूर आणि आसपासची देवस्थाने, किल्ले, स्मारके यांबद्दल या खेपेला बरेच प्रश्न आले. सहल फसते ती रस्त्यामुळे क्वचितच. चुकीचा वार, चुकीची तिथी किंवा चुकीचा प्रहर निवडल्यानेच ती बहुतेक वेळा फसते, म्हणून उत्तरांत त्यावर थोडा जास्त भर दिला आहे.

प्रश्न : रामटेक, मनसर आणि नगरधन एकाच दिवसात करायचे आहे. सोबत ७२ वर्षांची आई (गुडघे दुखतात) आणि दोन लहान मुले. कुठून सुरुवात करू? (वाचक, त्रिमूर्तीनगर)

मनसर वाटेत आधी लागते, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही तसे करू नका. मनसरच्या टेकडीवर सावली नाही. तिथे तासभर गेला की रामटेकच्या गडावर पोहोचेपर्यंत ऊन चढते, दगड तापतात आणि अनवाणी चालणाऱ्या आईचे हाल होतात. शिवाय दुपारी नैवेद्याच्या सुमारास गाभाऱ्याचे दार लोटलेले असू शकते.

सकाळी ६ ला निघा. जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे वळून रामटेक, एकूण सुमारे ५० किलोमीटर. साडेसातपर्यंत गडावर पोहोचाल. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांची जुनी वाट आहे. ती सुंदर आहे, पण आईसाठी नाही. गाडी डोंगरावर बरीच वरपर्यंत जाते. तरी गाडीतळापासून देवळापर्यंतही पायऱ्या आहेतच, हे आईला आधीच सांगून ठेवा. सोबत जाड सुती मोजे ठेवा, दगड तापला तरी पाय भाजत नाहीत.

आता माकडे. वानरे तशी सोशिक असतात, लाल तोंडाची माकडे मात्र नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीचा सळसळ आवाज झाला की ती आत खाऊच आहे असे समजतात. नारळ-प्रसाद कापडी पिशवीत घालून पिशवी काखेत धरा. चष्म्याला दोरी लावा. मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका. पुडा गेला तर मूल घाबरते आणि पायऱ्यांवर पळते, खरा धोका तो आहे. माकडाने काही हिसकावले तर ते परत ओढू नका.

गडावर सगळे जण थेट राममंदिराकडे जातात आणि दर्शन घेऊन उतरतात. वाटेतली वाकाटककालीन देवळे नजरेतून सुटतात, आणि आमच्या मते रामटेकचे खरे धन तेच आहे. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी देवळे पाचव्या शतकातली. दोन्हीत लाल वालुकाश्माची मोठी बैठी मूर्ती आहे. नरसिंह म्हटला की आपल्याला मांडीवर आडवा पडलेला हिरण्यकशिपू आठवतो. इथे तो नाही. सिंहमुखी देव एकटा, ऐसपैस बसलेला, हातात चक्र. म्हणूनच तो 'केवल'. केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांचा शिलालेख आहे आणि त्यात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख येतो, मात्र अक्षरे बरीच झिजलेली आहेत. मोबाइलचा दिवा समोरून न मारता बाजूने तिरपा धरला तर खाचा दिसतात. हात लावू नका, कुंकू तर मुळीच नको. वराह आणि त्रिविक्रम हेही त्याच काळातले. त्रिविक्रमाची मूर्ती भग्न आहे, पण उचललेल्या पावलाची झेप कळते.

प्रभावतीगुप्ता कोण, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे पुढची दोन ठिकाणे त्यांना रटाळ वाटणार नाहीत. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. नवरा लवकर गेला, मुले लहान, म्हणून कारभार तिने पाहिला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. तिच्या एका ताम्रपटात दान दिल्याचे ठिकाण 'रामगिरिस्वामीच्या पायांपाशी' असे आले आहे. रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तला रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. छत्तीसगडमधल्या रामगढचा दावाही काही अभ्यासक करतात. गडावरचे कालिदास स्मारक पाहताना हा वाद माहीत असलेला बरा.

दहा-साडेदहाला खाली उतरा. गावात जेवण, मग सुमारे ७ किलोमीटरवर नगरधन. आजचा कोट भोसलेकालीन आहे. आत बघायला तट, बुरूज आणि विहिरीच्या पोटातले देवीचे ठाणे. अर्धा-पाऊण तास पुरे. २०१५ नंतर डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने या गावात उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ती तिथे पाहायला मिळत नाही. कोटाबाहेरच्या साध्या शेतांखाली राजधानी आहे, एवढे डोळ्यांसमोर आणायचे.

दुपार खिंडसी तलावाकाठी काढा आणि ४ नंतर परतीच्या वाटेवर मनसर. विटांचे प्रचंड बांधकाम, ऊन कललेले, नागपूरचा रस्ता पुढ्यात. आईला चढायचे नसेल तर त्या पायथ्याशी थांबू शकतात. मनसरला सापडलेली बसलेल्या शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती इथे शोधत बसू नका.

त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमी हे दोन दिवस तुमच्या बेतातून वगळा. तेव्हा गाड्या पायथ्याशीच अडवतात आणि वर पाय ठेवायला जागा नसते. जत्राच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गुडघे घेऊन जाऊ नका.

प्रश्न : सीताबर्डीचा किल्ला आतून बघायचा आहे. रविवार चालेल का? आणि झिरो माइल तिथून पायी होईल का? (वाचक, अकोला)

रविवार चालणार नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्यांसाठी तो वर्षातून तीन दिवसच उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत हवी. फोटोबाबत फाटकावर जे सांगतील ते ऐका. तिन्हींत २६ जानेवारी उत्तम. १ मे ला नागपुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि रांग उन्हात असते. १५ ऑगस्टला पावसाचा नेम नाही. कोणत्याही दिवशी सकाळी लवकर रांगेला लागा.

आत जाण्याआधी जमिनीचा चढउतार बघून घ्या, तरच लढाई कळेल. इथे दोन टेकड्या आहेत, थोरली आणि धाकटी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. २७ च्या सकाळी भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथून थोरलीवर मारा सुरू केला. धाकटी हातची गेल्यावर थोरली टिकवणे कठीण का झाले, हे वर उभे राहिले की डोळ्यांना दिसते. तरी इंग्रजांनी धाकटी परत घेतली आणि नागपूरचे राज्य तिथून नावालाच उरले.

झिरो माइल पायी होते. मेट्रोने आलात तर 'झिरो माइल फ्रीडम पार्क' स्थानकावर उतरा. वालुकाश्माचा खांब, चार घोडे आणि गावांची अंतरे कोरलेला दगड, पंधरा मिनिटांचे काम. भारताचा मध्यबिंदू म्हणून सगळे इथे फोटो काढतात. मुळात हे सर्वेक्षणासाठी १९०७ साली बसवलेले उंचीचे प्रमाणचिन्ह आहे. दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत कोरली आहे. फाळणीनंतर देशाची हद्दच बदलली, त्यामुळे मध्यबिंदूचे सोडा, तो दशांश बघा.

किल्ला बंद असेल त्या दिवशी त्याच टेकडीच्या अंगाला असलेले टेकडी गणपतीचे दर्शन घ्या. रेल्वे स्थानकाहून पायी जाता येते. मंगळवार आणि संकष्टी टाळा.

प्रश्न : लातूरहून ४० जणांची बस घेऊन दीक्षाभूमीला येत आहोत, बरेच ज्येष्ठ आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी यावे की आधी? १४ ऑक्टोबर की दसरा? आणखी काय पाहता येईल? (वाचक, लातूर)

घोळ तारखेचा आहे, तो आधी सोडवू. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार, त्या दिवशी विजयादशमी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. तिथी दरवर्षी सरकते, तारीख सरकत नाही. म्हणून अशोक विजयादशमीला मुख्य सोहळा होतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. वर्ष कोणतेही असो, दोन्ही दिवस पंचांग आणि दिनदर्शिका उघडून तपासा.

सोहळाच अनुभवायचा असेल तर विजयादशमीला या. पण मग बस दीक्षाभूमीपासून बरीच दूर ठेवावी लागेल, आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद असतात, आणि ज्येष्ठांना दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी हवी. मुक्कामाची सोय निघण्याआधी पक्की करा. गर्दीत मोबाइल लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात बसचा क्रमांक, बस उभी असलेल्या चौकाचे नाव आणि दोघांचे फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. 'गेटवर भेटू' असे ठरवू नका, गेट एकाहून जास्त आहेत. ठराविक तासाला ठराविक दुकानासमोर भेटायचे ठरवा. एक पिशवी रिकामी आणा. पुस्तकांचे इतके स्टॉल एका जागी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी लागतात आणि लोक खरोखर गठ्ठे घेऊन जातात.

स्तूप शांतपणे पाहायचा असेल तर पंधरा दिवस आधी किंवा नंतर या. ज्येष्ठांसाठी आम्ही हेच सुचवू. शिओ दान मल यांचा हा आराखडा सांचीवरून घेतलेला आहे, पण एक मोठा फरक आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. हा आतून पोकळ आहे, आत जाऊन बसता येते. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आत फोटो काढण्याआधी विचारा, बोलणे हळू ठेवा, घुमटाखाली कुजबुजही पसरते. बाहेरचा बोधिवृक्ष चुकवू नका. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेली ही रोपे. अनुराधपूरचा वृक्ष मुळात बोधगयेच्या फांदीचा. म्हणजे गयेची फांदी सिंहलद्वीपाला जाऊन नागपूरला परतली.

दुसऱ्या ठिकाणांपैकी कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर सुमारे १५ किलोमीटरवर आहे. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ मध्ये ते उभे राहिले. आतली बुद्धमूर्ती चंदनाची आहे. फरशी गुळगुळीत असते, पावसाळ्यात ओल्या पायांनी चालणाऱ्या ज्येष्ठांना धरून न्या. काटोल रस्त्याकडच्या चिचोलीला शांतिवन आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, त्यात त्यांचे टंकलेखन यंत्र, तिथे जपल्या आहेत. कामठी आणि चिचोली शहराच्या दोन विरुद्ध दिशांना पडतात. म्हणून सकाळी चिचोली, दुपारी दीक्षाभूमी आणि संध्याकाळी कामठी असा क्रम लावा. उलटसुलट केलात तर दिवस रिंगरोडवरच जाईल. चिचोलीला निघण्याआधी फोन करून संग्रह उघडा आहे ना, हे विचारा.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. ताजबागला गेले तर चालते का? आणि लोक 'मोठा' आणि 'छोटा' ताजबाग म्हणतात, दर्गा नेमका कुठला? (वाचक, महाल)

चालते, आणि तुम्ही पहिल्या नसाल. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक कायम येतात. मजार आहे तो मोठा ताजबाग, उमरेड रस्त्यावर. रिक्षावाल्याला 'मोठा ताजबाग' असेच सांगा. बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. काही वर्षे त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. १९०८ मध्ये रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आणून शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवले. १७ ऑगस्ट १९२५ ला ते गेले. सावनेर तालुक्यातल्या वाकीलाही त्यांचे मोठे ठाणे आहे. ते शहराबाहेर आहे, दोन्ही एका फेरीत धरू नका.

स्त्री असो वा पुरुष, डोके झाका. पुरुषांनी हातरुमाल बांधला तरी चालतो. चप्पल सांभाळायला देताना बिल्ला घ्या. फुले आणि चादरीचा भाव घेण्याआधी विचारा. नुसते हात जोडून परतलात तरी कोणी अडवत नाही. उरूस मोहरम महिन्याच्या २६ तारखेला असतो. चांद्रवर्ष छोटे, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मागच्या वर्षीची तारीख लक्षात ठेवून गेलात तर उरूस होऊन गेलेला असेल.

प्रश्न : मारबत मुलीला दाखवायची आहे, वय ६. कुठे उभे राहू? (वाचक, पुणे, माहेर नागपूर)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. पोळा श्रावण अमावास्येचा. पुण्याच्या दिनदर्शिकेत 'मारबत' छापलेले नसेल, 'पिठोरी अमावास्या' शोधा आणि एक दिवस पुढे मोजा.

मारबत म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघी आपापल्या वस्तीतून निघून इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात. सगळी गर्दी त्याच भेटीसाठी जमते, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नेमके तिथे उभे राहू नका. रस्ते अरुंद आहेत, गर्दी एकाच बाजूने रेटते आणि मागे सरकायला जागा राहत नाही. त्याऐवजी मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्या घराचा पहिला मजला गाठा. माहेर इथलेच आहे, गच्ची मिळेल. ते जमणार नसेल तर सकाळी मारबती वस्तीत सजून उभ्या असतात तेव्हाच जवळून दाखवून आणा. डोळे, नथ, बांगड्या, कागदी कातडी सगळे निरखता येते, बायका ओटी भरताना दिसतात आणि धक्काबुक्की नसते.

मागून येणारे बडगे तिला कळणार नाहीत, तुम्हाला कळतील. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांचा राग ज्याच्यावर असेल त्याचा पुतळा. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी ऐकायची असते. रोगराई, ईडापीडा, सगळे काही मारबतीच्या पदरात घालायचे आणि बाहेर नेऊन जाळायचे. कानात घालायला कापूस ठेवा, ढोल जोरात असतात. मुलीची खरी मजा संध्याकाळी आहे, तान्ह्या पोळ्याला. लाकडी नंदी घेऊन, नटूनथटून मुले रांगेत उभी राहतात. दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून चालत आलेला सण आहे. तिच्यासाठी चाकांचा छोटा नंदी आधीच्या आठवड्यात घ्या, आदल्या दिवशी भाव दुप्पट सांगतात.

प्रश्न : विदर्भातील अष्टविनायक किती दिवसांत होतात? एकाच दिवसात सहा दाखवतो असे एक गाडीवाला म्हणतो. (वाचक, मानेवाडा)

सहा गावांच्या पाट्या दाखवेल. आठ स्थाने अशी : नागपूरचा टेकडी गणपती, आदासा, रामटेक, मेंढा (भंडारा), पवनी, केळझर, कळंब आणि भद्रावती. जिल्हे पाच. तीन दिवस धरा, तेही रोज घरी परतून.

पहिल्या दिवशी टेकडी गणपती, आदासा, रामटेक. दुसऱ्या दिवशी भंडारा आणि पवनी. तिसऱ्या दिवशी केळझर, कळंब, भद्रावती. हा तिसरा दिवस सर्वात लांबचा, नागपूर-वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर-नागपूर असा वळसा पडतो. पहाटे ५ ला निघाला नाहीत तर भद्रावतीला अंधार होईल. जमल्यास वर्धा किंवा कळंबजवळ मुक्काम करा.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. रामटेकचा अष्टादशभुज गणपती गडावर नाही, पायथ्याच्या गावात आहे. गड चढून उतरल्यावर हे कळले की चिडचिड होते. भंडाऱ्याचा भृशुंड गणपती मेंढ्याला आहे, 'मेंढा कुठे' असे विचारा.

आदाशाची मूर्ती सुमारे १२ फूट उंच, एकाच दगडाची. शमी विघ्नेश म्हणतात. तिथून जवळच धापेवाडा, विदर्भाचे पंढरपूर. मात्र आषाढी एकादशीला जाऊ नका. इथली यात्रा आषाढी पौर्णिमेची. एकादशीला विठोबा पंढरीत असतो आणि पौर्णिमेला इथे येतो, अशी श्रद्धा आहे. पवनीला गेलातच तर जगन्नाथ टेकडीवरच्या प्राचीन स्तूपाच्या जागेला अर्धा तास द्या. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झाले होते. गणपती करून लोक तसेच मागे फिरतात, आणि आम्हाला त्याचे दरवेळी वाईट वाटते.

प्रश्न : सेवाग्राम-पवनार रेल्वेने एका दिवसात? (वाचक, जरीपटका)

होते. सेवाग्राम आणि वर्धा ही दोन वेगळी स्थानके आहेत आणि दोन्ही आश्रमापासून काही किलोमीटर दूर. तिकीट काढताना परतीची गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते ते बघा. सकाळी एकावर उतरून संध्याकाळी दुसऱ्यावर धावणारे पुष्कळ असतात. गाडीने जाणार असाल तर पवनार आधी लागते, नागपूर-वर्धा रस्त्यावर धाम नदीकाठी.

सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये आले. आधी आदिनिवासात सगळे एकत्र राहायचे, बापूकुटी नंतरची. माती, बांबू, कवेलू. खोलीत किती कमी सामान आहे हे मोजा, दोन मिनिटांत मोजून होते. संध्याकाळची प्रार्थना उघड्या अंगणात होते, त्यासाठी थांबायचे असेल तर परतीची गाडी उशिराची धरा. पवनारला विनोबांच्या आश्रमात, जमीन खणताना निघालेली वाकाटककालीन शिल्पे आहेत. त्यातले भरत-राम भेटीचे शिल्प पाहिल्याशिवाय निघू नका. रामटेकला जाऊन आलेल्या माणसाला दगडाचा आणि घडणीचा नातेसंबंध आपोआप ओळखू येतो.

प्रश्न : नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत जुने काय उरले आहे? दोन तास आहेत. (वाचक, नाशिक)

सकाळी ७ ते ९. नंतर रहदारीत मान वर करून काही पाहता येत नाही. मेट्रोने चितारओळी चौकापर्यंत या आणि पुढे चालत. गांधीगेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, हा तटाचा उरलेला भाग. शहर वसवले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. तट आणि जुम्मा तलाव त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाचे. भोसले नंतरचे. पुढे कल्याणेश्वर, रुक्मिणी मंदिर, चिटणीस वाडा. वाड्यांत राहती कुटुंबे असतात, दारातून विचारूनच आत. भोसल्यांच्या समाध्यांच्या परिसरातले काशीबाई मंदिर वेळ उरला तर बघा, तिथल्या दगडी कोरीव कामाला सकाळचे ऊन लागते. परतताना तर्री पोहे. तर्री वेगळी मागा, सगळी एकदम ओतू नका.

प्रश्न : जुनापाणीची दगडी वर्तुळे बघायला गेलो, शेतात नुसते दगड दिसले. काय बघायचे असते? (विद्यार्थी, काटोल रोड)

ते 'नुसते दगड' लोहयुगातल्या माणसांनी ओळीने मांडले आहेत. सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. ही दफनस्मारके आहेत, मध्ये माती आणि खडीचा उंचवटा, भोवती काळ्या पाषाणाच्या मोठ्या शिळा. रिव्हेट-कार्नॅक याने एकोणिसाव्या शतकात काही उकरली, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी शास्त्रीय उत्खनन केले. लोखंडी हत्यारे, मडकी, घोड्याचा साज असे ऐवज विदर्भातल्या अशा वर्तुळांतून मिळतात. जवळच्या माहुरझरीला घोडा पुरलेलाही सापडला. यातले काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, अजब बंगल्यात, पाहता येते. ते सोमवारी बंद असते.

रस्त्यावरून वर्तुळ दिसत नाही. मधल्या उंचवट्यावर उभे राहून हळूहळू स्वतःभोवती फिरा, मग कडे जुळते. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढे असते, साप असतात आणि शिळा बुडून जातात. जानेवारी-फेब्रुवारीत जा, बूट घालून. शिळा हलवू नका, त्यांवर नावे कोरू नका. जागा संरक्षित आहे आणि दगड सरकला की वर्तुळाची माहितीच पुसली जाते.

तुमचे राहून गेले ते शिळांवरचे खळगे. काही शिळांच्या बाहेरच्या अंगावर, ओळीत, एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर, बोटाने चाचपता येतील असे वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत. कशासाठी, यावर एकमत नाही. दुपारी ऊन डोक्यावर असताना ते दिसत नाहीत, दगड सपाट वाटतो. सकाळी सूर्य उगवल्यापासून तासाभरात जा. तिरपे ऊन पडले की प्रत्येक खळग्यात अर्धी सावली बसते आणि ओळ आपोआप उठून दिसते.